शेपूट फुटलेले तारे

ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही. मी ती आजवर तीनशे सत्तर जणांना सांगितली आणि तीनशे एकोणसत्तर जण तोंडावर हसले. उरलेला एकटा गंभीर होता, पण नंतर कळलं की तो झोपला होता. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा. फक्त मध्येच उठून जाऊ नका.

तर, एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, सुट्टीच्या पहिल्याच संध्याकाळी, तीन मुलं हमरीतुमरीवर आली होती. थंडी अशी की भांडायला तोंड उघडलं की आधी वाफ बाहेर पडायची आणि मागून शब्द.

त्यातली मोठी मास्तरीण, वय वर्षं तेरा. हातात कायम वही, आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्यातली चूक काढायची खोड. म्हणून हे नाव. तिचा धाकटा भाऊ स्क्रू. घरातली दिसेल ती वस्तू तो उघडायचा आणि परत जोडली की एक स्क्रू हमखास उरायचा. तिसरा समोरच्या घरातला पावशेर. वय दहा. तो पावशेर का, ते त्याला नुसतं बघितलं तरी कळायचं.

भांडण एका फोटोवरून होतं. थंडीत संध्याकाळी पूर्वेला मृग वर येतो. त्यातले ओळीनं उभे असलेले तीन तारे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या खाली एक अंधूक ठिपका असतो. आकाशाच्या काचेवर कुणीतरी हळूच श्वास सोडावा, तसा. तो तेजोमेघ. वायूचा आणि धुळीचा एक अफाट ढग, आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येत असतात. त्याचा फोटो काढायचा होता.

बेत आत्याचा. ती मास्तरणीची आणि स्क्रूची आत्या, पण पावशेरही तिला आत्याच म्हणायचा. पाचव्या मजल्यावर ती भावाच्या घरी राहायची आणि वर्षभर या सुट्टीची वाट बघत होती. कॅमेऱ्यासाठी तिनं कुठल्याशा दुकानातून एक जुनं लांब भिंग पैदा केलं होतं. ते इतकं जुनं, इतकं जुनं, की सूर्याला त्यानं पाळण्यात पाहिलेलं होतं. आणि सुट्टीच्या पाच आठवडे आधी त्याच भिंगाची पेटी माळ्यावरून काढताना आत्या स्टुलावरून पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर, खाली चाकांची खुर्ची. गच्चीवर लिफ्ट जात नव्हती. पाचव्या मजल्यापासून वर सोळा पायऱ्या होत्या आणि त्या सोळा पायऱ्या आत्याला ताऱ्यांपेक्षा लांब झाल्या होत्या.

म्हणून तिनं खुर्चीत बसून मुलांना सगळं शिकवलं. मुलांनी दोन फळ्या घेतल्या, एका टोकाला बिजागरी ठोकली आणि त्याला 'घोडा' असं नाव दिलं. बिजागरीचा रोख ध्रुवताऱ्याकडे. वरच्या फळीवर कॅमेरा. खालच्या फळीतून वर आलेला एक लांब बोल्ट. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. पण बोल्टला मिनिटाला बरोबर एक वेढा दिला तर वरची फळी ताऱ्यांच्याच चालीनं उघडत जाते आणि कॅमेऱ्याला तारे जागच्या जागी उभे दिसतात, हे नसेल सांगितलं. एक फोटो तीस सेकंदांचा. असे शेकड्यानं काढायचे आणि आत्यानं ते संगणकावर एकावर एक रचायचे, की अंधूक ढग हळूहळू उजळतो. बोल्ट फिरवणार स्क्रू, दर पाच सेकंदांनी आकडा पुकारणार मास्तरीण, आणि लांब वायरचं बटण दाबणार पावशेर.

त्या शनिवारी चाळीस फोटो निघाले. एकतीस छान. उरलेल्या नवांत प्रत्येक ताऱ्याला शेपूट. छत्रीच्या मुठीसारखं, एका बाजूला वळलेलं.

मास्तरीण म्हणाली, स्क्रूचा हात हलला. स्क्रू म्हणाला, ती आकडे गिळते. पावशेर म्हणाला, मी तर नुसतं बटण दाबतो. त्यावर दोघंही त्याच्यावर घसरले, कारण नुसतं बटण दाबणारा माणूस भांडणात फार सोयीचा असतो.

रविवारी बोल्ट पावशेरच्या हातात दिला. शेपटं होतीच. वाऱ्यावर संशय आला म्हणून मास्तरणीनं काठीला रुमाल बांधून उभा केला. रुमाल मेल्यासारखा लोंबत राहिला आणि शेपटं मात्र आली. सोमवारी तिनं बिघडलेल्या प्रत्येक फोटोची वेळ वहीत उतरवून काढली आणि त्याच संध्याकाळी, गच्चीच्या फरशीवर बसलेल्या पावशेरनं एक शोध लावला. तो म्हणाला की मधूनमधून त्याच्या बुडाला गुदगुल्या होतात.

स्क्रू गडबडा लोळला. मास्तरीण हसली नाही. तिनं बटण स्वतःकडे घेतलं, पावशेरला घड्याळ देऊन पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी बसवलं आणि लिफ्ट हलली की वेळ लिहायला सांगितली. तासाभरानं दोघांनी कागद शेजारी शेजारी धरले. लिफ्ट अकरा वेळा हलली होती. शेपटं असलेले फोटो अकरा. वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

गच्चीच्या कोपऱ्यात लिफ्टच्या मशीनची खोली होती, लोखंडी दाराची. दोर ओढणारं मशीन त्यातच बसवलेलं. कोडं सुटलं होतं. लिफ्ट उभी असतानाच फोटो काढायचे की झालं. मुलं नाचत खाली आली आणि आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं मात्र तिन्ही दिवसांचे फोटो पडद्यावर मोठे करून एकाच ताऱ्याचं शेपूट मोजायला घेतलं. शनिवारी पडद्यावरचे बारीक चार ठिपके. रविवारी सहा. सोमवारी अकरा.

"लिफ्ट तीच, गच्ची तीच, भिंग तेच," ती म्हणाली. "मग शेपूट का वाढतंय?"

उत्तर स्क्रूनं दिलं, कारण हा विषय त्याचा होता. मशीन चार मोठ्या बोल्टांनी लादीला धरलेलं असतं. एखादा बोल्ट ढिला झाला तर मशीन हलतं, आणि हललं की बाकीचे तीनही ढिले करत जातं.

आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता आत्याला त्याच लिफ्टनं खाली जायचं होतं. प्लास्टर कापायला. डॉक्टर त्यानंतर पंधरा दिवस नव्हते, आणि प्लास्टरच्या आत पाय सुजून बोटं निळी पडायला लागली होती. थांबणं शक्य नव्हतं. लहानशा लिफ्टमध्ये खुर्ची शिरली की दुसऱ्या माणसाला जागा उरत नसे, म्हणजे जायचं तेही एकटीनं.

मंगळवारी सकाळी तिघं तळमजल्यावर सेक्रेटरीसाहेबांकडे गेली. इमारतीचा सगळा कारभार साहेबांकडे. काय सांगू तुम्हाला, फार भारदस्त माणूस. देखणा. विचारी. त्यांच्या कमरेला इतक्या चाव्या की ते उठून उभे राहिले की इमारत एका बाजूला किंचित कलायची. त्यांनी फोटो पाहिले, वही पाहिली, आणि समजावून सांगितलं की तारे लांब आहेत आणि लिफ्ट जवळ आहे, दोघांचा उगाच संबंध जोडू नये. लिफ्टचा मिस्त्री दर गुरुवारी येतो. लिफ्टमध्ये टांगलेल्या कार्डावर सही करतो. 'मशीन तपासले, बोल्ट आवळले' असं तिथं स्वच्छ लिहिलेलं आहे. आणखी काय पाहिजे?

मुलांनी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मी रोज चार वेळा जातो-येतो, मला काही जाणवत नाही. पावशेरच्या आईनं गुदगुल्या ऐकल्या आणि त्याला गरम कपडे घालायला लावले. मंगळवारी शेपूट चौदा ठिपके झालं.

त्या दिवसांत ही मुलं कशी झाली होती म्हणून सांगू? त्यांच्या हातात आकडा होता. रोज संध्याकाळी ती वर जायची, घोडा मांडायची, फोटो काढायची, खाली येऊन शेपूट मोजायची. आणि शेपूट रोज वाढलेलं असायचं. आग दिसतेय, ओरडून ओरडून घसा बसलाय, आणि रस्त्यावरचे लोक म्हणतायत की काय छान उजेड पडलाय, तसं.

बुधवारी पावशेरनं आणखी एक गोष्ट पाहिली. मशीनच्या खोलीच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. एका रात्रीतलं नव्हे. चांगलं धूळ बसलेलं, पिढीजात. मग मिस्त्री दर गुरुवारी आत जातो कसा? त्याबद्दल माझं मत असं की तो मिस्त्री जगातला सगळ्यात चपळ मिस्त्री होता. तळमजल्यावरून न हलता पाच मजले तपासायचा. मास्तरणीचं मत इतकं उदार नव्हतं. तिनं वहीचं पान फाडून बोटभर रुंदीची पट्टी केली, दार आणि चौकट यांच्यावर आडवी चिकटवली, आणि तिघांनी त्यावर सह्या केल्या. पावशेरची सही सगळ्यात लांबलचक. दार उघडलं तर पट्टी फाटणार, आणि सह्यांमुळे बदलता येणार नाही.

गुरुवारी मिस्त्री आला. स्क्रू जिन्यात लपून बघत होता. मिस्त्रीनं तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, कार्ड काढलं, सही ठोकली, वॉचमनशी दोन गोष्टी केल्या आणि गेला. सगळं मिळून चार मिनिटं. कार्डावरची शाई ओली होती: 'मशीन तपासले, बोल्ट आवळले.' वर पट्टी जशीच्या तशी.

आता मुलांनी सेक्रेटरीसाहेबांना धरलं. लिफ्टमधलं कार्ड दाखवलं, मग वर चला म्हणाली. साहेबांचे गुडघे दुखत होते. पण पट्टीचं ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरला, हे खरं. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीनं शपथेवर सांगितलं की बोल्ट त्यानं स्वतःच्या हातानं आवळलेत. साहेबांनी फोन ठेवला, थोडा विचार केला, आणि मुलांना वचन दिलं: खोलीची दुसरी चावी त्यांच्याकडे होतीच, उद्या सकाळी आत्या निघायच्या आत ते स्वतः वर जातील, स्वतः बघतील, आणि बोल्ट हलताना दिसला तर लिफ्ट बंद करून चार माणसं लावून आत्याला जिन्यानं उतरवतील.

तिघं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. शेपूट एकवीस ठिपके झालं होतं, पण आता एक मोठा माणूस बघणार होता.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला साहेब पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभे होते. दाढी केलेली, केस बसवलेले. आत्यानं खुर्चीतून त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"स्वतः पाहिलं," साहेब म्हणाले. "ठणठणीत आहे."

आता हे बघा, एवढा मोठा माणूस पाहिलं म्हणतो, म्हणजे मनानं तरी पाहिलंच असणार. बाबांनी खुर्ची आत ढकलली, ब्रेक लावला आणि स्वतः जिन्यानं खाली निघाले. पण मास्तरीण ती मास्तरीण. दुसऱ्याचं वाक्य तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ती सोळा पायऱ्या चढून वर धावली.

पट्टी जागेवर होती. तीन सह्या. कोळ्याचं जाळंसुद्धा.

ती तिथूनच ओरडली. ओरडत खाली आली. तोवर दार लागलं होतं आणि लिफ्टचा दिवा चारवर होता. मग तीन. स्क्रू लिफ्टच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत होता, जणू दार बडवलं की लिफ्ट लाजून परत येईल. आणि मग वरून एक आवाज आला. मोठा नव्हता. भरलेलं कपाट कुणीतरी एका बाजूला सरकवावं, तसा. गच्ची थरथरली, जिन्याचा कठडा थरथरला, आणि तीनचा दिवा गेला.

लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. वर मशीन अजून घुरघुरत होतं आणि जळका वास यायला लागला होता.

कुणी काय केलं, ते नीट ऐका. पावशेर जिन्याच्या कठड्यावरून घसरत तळमजल्यावर गेला आणि त्यानं वॉचमनच्या बाहीला लोंबकळून त्याला लिफ्टचं मुख्य बटण पाडायला लावलं. घुरघुर थांबली. मास्तरणीनं अग्निशमन दलाला फोन लावला. इमारत, मजला, आत एकटी बाई, पायाला प्लास्टर, मशीन जागेवरून सुटलंय, असं एका दमात सांगितलं. पलीकडच्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही, विचारायला तिनं काही ठेवलंच नव्हतं.

आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही.

हा सगळ्यात वाईट भाग. तिसऱ्या मजल्याच्या बंद दाराच्या तळाशी बोटभर फट होती. तिघं तिथं पालथी पडली. खाली अंधारात आत्याच्या लिफ्टचं छत दिसत होतं. बाबा दार ओढून बघत होते, पण कुणी ओढू नका असं फोनवर बजावलं होतं. कुणी दोराला हात लावायचा नाही, कुणी वर जायचं नाही, नुसतं थांबायचं. थोड्या थोड्या वेळानं वरून काहीतरी कुरकुरायचं आणि लिफ्ट अगदी किंचित, शेपटाच्या एखाद्या ठिपक्याएवढी, खाली जायची.

स्क्रूनं विचारलं, आत्या, दुखतंय का. आतून आवाज आला की पाय दुखत नाही, अंधारात कंटाळा आलाय. सुट्टीभरात चांगले फोटो एकंदर किती झाले ते सांगा. मास्तरणीनं वही उघडली. तिला वाचता येईना. अक्षरं भिजून पसरत होती. मग पावशेरनं वही घेतली आणि वाचलं, शनिवारी एकतीस, रविवारी अठ्ठावीस, सोमवारी चौतीस. तो एकेक आकडा सांगत होता आणि आतून आत्या बेरीज करत होती. एकदा तिची बेरीज चुकली. एरवी मास्तरणीनं तिथल्या तिथं दुरुस्त केली असती. आज तिनं ती तशीच राहू दिली.

चाळीस मिनिटांनी दलाचे जवान आले. त्यांनी लिफ्टला खालून टेकू दिले, वरून दार उघडलं, दोघं छतातून आत उतरले. आत्याला फळीवर पट्ट्यांनी बांधून त्या अरुंद जागेतून वर सरकवली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. वर आल्यावर तिनं आधी तिघांची डोकी चाचपली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते रुग्णवाहिका रस्त्याच्या वळणापर्यंत जाईतो थांबलं नाही.

दलाचा प्रमुख मशीनच्या खोलीत जाऊन आला. चारपैकी दोन बोल्ट लादीवर पडले होते, तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता आणि अख्खं मशीन कलंडून चौथ्याच्या आधारावर उभं होतं. आणखी एक फेरी झाली असती तर चौथाही निसटला असता, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं की हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. सगळ्या इमारतीनं माना खाली घातल्या. मास्तरणीनं त्याच्या हातात वही दिली. चार, सहा, अकरा, चौदा, अठरा, एकवीस. त्यानं ती उभ्या उभ्या दोनदा वाचली, टोपी काढली, आणि तिघांशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं. कार्डावरच्या सह्या आणि दारावरची पट्टी यांचे फोटो घेऊन तो गेला. मिस्त्रीच्या कंपनीचं काम त्याच आठवड्यात गेलं.

लिफ्ट आठ दिवस बंद राहिली. प्लास्टर निघालेल्या आत्याला चौघांनी खुर्चीसकट जिन्यानं वर आणलं. आठ दिवस गच्ची डोंगरासारखी निश्चल होती. मुलांनी दोनशे बारा फोटो काढले आणि एकाही ताऱ्याला शेपूट फुटलं नाही. आत्यानं ते एकावर एक रचले. संगणक रात्रभर घरघरला. सकाळी पडद्यावर तो ढग पंख पसरून उभा होता. कडांना गुलाबी, मध्ये इतका पांढरा की पावशेरनं पडद्याला बोट लावून पाहिलं, गरम लागतंय का म्हणून.

आता तुम्ही विचाराल, त्या चाळीस मिनिटांत सेक्रेटरीसाहेब कुठे होते? तेच तर सांगायचं राहिलं. साहेबांनी जुडग्यातून पहिल्याच फटक्यात बरोबर चावी काढली. दुखऱ्या गुडघ्यांनी, एका ढांगेत पाच पायऱ्या, असे ते गच्चीवर पोचले. आत जाऊन बघतात तो मशीन कलंडतंय. त्यांनी पुढचा-मागचा विचार केला नाही. खाली वाकले, ते बैलाएवढं मशीन खांद्यावर घेतलं, आणि चाळीस मिनिटं, एकदाही खांदा न बदलता—

"खोटं," गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसलेली आत्या म्हणाली. "मी आत होते, सेक्रेटरीसाहेब. तुम्ही वर गेलाच नाहीत. चाव्यांचा जुडगा मांडीवर घेऊन तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला होतात आणि चाळीस मिनिटं एकच वाक्य म्हणत होतात, पोरांनी सांगितलं होतं, पोरांनी सांगितलं होतं. त्या फटीतून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता."